डेलमारच्या बंदुकीचा पुढचा स्क्रू

डेलमार यिंगलिंग पहाटे साडेतीनला उठायचा. गजर लावत नसे. त्याची बायको आर्विला म्हणायची, याचे पाय आधी जमिनीला लागतात आणि डोळे मागाहून उघडतात. मांसाची तळलेली वडी, पाव, काळी कॉफी एवढे पोटात टाकून तो माझ्या दारासमोर गाडी आणून उभी करायचा. हॉर्न वाजवत नसे, शेजारी उठतील म्हणून. मला उशीर झाला तर थांबायचा, पण मग दिवसभर माझ्याशी बोलायचा नाही.

आम्ही दोघे विटांच्या कारखान्यात होतो. पेनसिल्व्हेनियाच्या आमच्या डोंगरात जी पांढरट चिकणमाती निघते तिच्या विटा पोलादाच्या भट्ट्यांना आतून लावतात. डेलमारचे काम भाजलेल्या विटा बाहेर काढण्याचे. भट्टी पुरती निवण्याची वाट कोणी बघत नसे. आत शिरले की भुवयांचे केस आखडायचे. हाताला जुन्या टायरच्या ट्यूबचे कापलेले रबर बांधायचे, दोन विटा उचलायच्या, वळायचे, ढकलगाडीत रचायच्या, पुन्हा वळायचे. कोपऱ्याला कोपरा लागला नाही तर फळीवरून नेताना अख्खी गाडी खाली, आणि मागच्या माणसाचा पाय गेला. डेलमारची गाडी कधी सांडली नाही. त्याच्यामागे चालायला कोणी घाबरत नसे. कारखान्यात माणसाबद्दल याहून मोठे काही बोलले जात नाही.

त्याचा बाप त्याच भट्टीवर होता. साठीच्या आत त्याचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कॉफी सांडायची, मग चमचा तोंडापर्यंत पोचेना, शेवटी आर्विला सासऱ्याला भरवायची. बाप जाऊन बरीच वर्षे झाली होती. त्याचा निळा कप अजून फळीवर होता. डेलमार तो वापरत नसे आणि फेकूही देत नसे.

शनिवारी आम्ही क्लबात जायचो. क्लब म्हणजे टेकडीच्या पायथ्याशी लाकडी घर, समोर सिमेंटचे बाक, आणि पलीकडे मातीचा बांध, त्यावर निशाणाचे कागद. डेलमारने चार हिवाळे बसून स्वतःची बंदूक घडवली होती. जुन्या लष्करी बंदुकीचा मधला भाग एका विधवेकडून घेतला. नळी क्लॉइड फ्रॅन्ट्झने बसवून दिली, त्याच्या गोठ्यात लोखंड कातायचे लेथ यंत्र होते. नळी जिथे लाकडात बसते तिथे भरायचा, सुकून दगडासारखा होणारा मसाला स्टश वोयचिकने आणून दिला, तो कारखान्यात बॉयलर सांभाळायचा. दुर्बीण मेनर्ड केपलची, शाळेची बस चालवायचा तो. त्याने नवी घेतली होती, जुनी डेलमारला दिली. लाकूड डेलमारच्या अंगणातल्या वादळात पडलेल्या अक्रोडाचे. त्याचा दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, त्याने हाताने कोरला. लोखंडाला काजळी फासायची, लाकडात ठेवून उचलायचे, जिथे काळे उमटेल तिथून कागदाच्या जाडीएवढे लाकूड खरवडायचे, पुन्हा काजळी. चारही हिवाळे हेच. घाई केली असती तर एका हिवाळ्यात झाले असते, आणि तसेच दिसले असते.

आमच्यात एक पद्धत आहे. बंदुकीचे लोखंड लाकडात दोन स्क्रू धरून ठेवतात, एक पुढे, एक मागे. स्क्रू आवळून झाला की त्याच्या डोक्यावरची खाच नळीच्या रेषेत आली पाहिजे. खाच आडवी किंवा तिरकी दिसली की घडवणाऱ्याबद्दल मत बनते, आणि ते बदलत नाही. दुसऱ्याच्या बंदुकीचा स्क्रू फिरवला तरी खाच रेषेत आणूनच सोडायचा. हे कोणी कोणाला शिकवत नाही. डेलमारला त्याचा दुसराही उपयोग होता. खाच सरळ दिसली म्हणजे स्क्रू जागचा हलला नाही. एकदा नीट बसवलेले लाकूड पुन्हा उकलायचे नाही असे त्याचे मत होते, म्हणून तो खाच बघायचा आणि समाधानाने नळी पुसून ठेवायचा.

क्लबातही दोन गोष्टी ठरलेल्या होत्या. नेमबाजी संपली की बंदुका रिकाम्या करून ओसरीवरच्या लाकडी चौकटीत उभ्या करायच्या आणि आत जाऊन घेवड्याचे सूप प्यायचे. चौकटीतली बंदूक कोणीही उचलून बघावी, विचारायचे नाही. दुसरे, ज्याचा कागद वाईट आला त्याला त्या दिवशी कोणी काही बोलायचे नाही. त्याला सूप जरा जास्त वाढायचे आणि हवेपाण्याच्या गप्पा मारायच्या. सल्ला द्यायचाच असेल तर आठवड्यात कधीतरी, पेट्रोल पंपावर किंवा टपाल कचेरीच्या पायरीवर.

बर्फ वितळल्यावर डेलमारने बंदूक पहिल्यांदा बाकावर आणली. पाच गोळ्या झाडल्या. त्या काळ्या ठिपक्याच्या डावीकडे, पण एकमेकींना चिकटून लागल्या. नव्या बंदुकीला याहून चांगले काय हवे. मग आठवडाभर सल्ले आले.

क्लॉइड म्हणाला, "पुढचा स्क्रू जरा सैल ठेव. नळीला श्वास घेऊ दे."

स्टश म्हणाला, "पुढचा स्क्रू घट्ट पाहिजे. सैल बॉयलर आणि सैल बंदूक, दोन्ही तोंडावर येतात."

मेनर्ड म्हणाला, "स्क्रूला हात लावू नकोस. दुर्बिणीची चकती फिरवून ती दोन खटके उजवीकडे घे, झालं."

डेलमार तिघांनाही म्हणाला, "बघतो." कारखान्यात मुकादमाला आम्ही हेच म्हणायचो. त्याचा अर्थ ऐकले, एवढाच. पण क्लॉइड शेतकरी आणि मेनर्ड बसवाला, त्यांना वाटले तो खरेच बघणार आहे. स्टशला तरी कळायला हवे होते.

पुढच्या शनिवारी गोळ्या विखुरल्या. एक वर, एक खाली, एक कागदाच्या काठाला. डेलमारने खाच बघितली. सरळ होती. त्याच्या पुढच्या शनिवारी गोळ्या पुन्हा चिकटून लागल्या, पण उजवीकडे. मग पुन्हा विखुरल्या. मग एकत्र, पण खाली. असा वसंत गेला, उन्हाळा लागला.

वाईट बंदूक रोज वाईट असते. माणूस तिची सवय करून घेतो. ही एका शनिवारी शहाणी आणि दुसऱ्या शनिवारी वेडी. डेलमारने गोळ्या बदलल्या. बाकावरच्या वाळूच्या पिशव्या रिकाम्या करून, वाळू चाळून पुन्हा भरल्या. चष्म्याची काच बदलली. जेवण न करता नेम धरून बघितला, जेवून बघितला. दर वेळी शेवटी खाच बघायचा. सरळ.

"वारा असेल," मी म्हणालो.

"झाडाचं पान हलत नव्हतं."

"मग काय?"

"बंदुकीत काही नाही," तो म्हणाला.

त्या दिवसापासून मला काही गोष्टी दिसू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत तो डब्याच्या झाकणात पाणी ओतून उजव्या हाताने समोर धरायचा आणि पाण्याकडे बघत बसायचा. क्लबात सूप डाव्या हाताने प्यायचा. एकदा भट्टीच्या तोंडाशी तो एकच वीट हात लांब करून धरून उभा होता, डोळे बारीक केलेले, जसे कोणी दुसऱ्याच्या हाताकडे बघते. वीट हलत नव्हती. निदान मला तरी हलताना दिसली नाही.

"दिसतंय का तुला?" त्याने विचारले.

"काय?"

"काही नाही. चल."

घरी रात्रीच्या जेवणाला त्याने निळा कप टेबलावर काढून ठेवलेला आर्विलाने बघितला. रिकामा. त्यासमोर तो बसला होता. तिने मला सांगितले आणि म्हणाली, "याला पिट्सबर्गला घेऊन जा. माझं ऐकत नाही. तुझं ऐकेल, कारण तू काही बोलत नाहीस."

गेलो. गाडी मी चालवली. मोठा दवाखाना होता. तो आत गेला तो दुपार उलटल्यावर बाहेर आला, बाहीचे बटण लावत. डोंगराच्या रस्त्याला लागल्यावर मी विचारले.

"काय म्हणाले?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"काही नाहीये असं म्हणाले. सुया टोचल्या, तारा लावल्या. डोळे मिटून नाकाला बोट लाव म्हणाले, लावलं. डॉक्टर म्हणाला, तुमच्या हातापेक्षा माझा जास्त हलतो."

"मग बरंच झालं की."

"बरं कसं?" तो म्हणाला. "बंदूक ठीक. हात ठीक. मग गोळ्या जातात कुठे?"

घर येईपर्यंत तो खिडकीतून झाडांकडे बघत होता. उतरताना म्हणाला, "यंत्राला कळायच्या आधी कागदाला कळतं. बाबांचंही तसंच असणार. ते नेमबाजी करत नव्हते म्हणून उशिरा कळलं, एवढंच." मग दार लावता लावता म्हणाला, "मुकादमाला सांगणार आहे, मला झाडूवर टाक. कोणाच्या पायावर गाडी सांडण्याआधी."

सगळी हयात भट्टीतून विटा काढलेल्या माणसाने स्वतःहून झाडू मागायचा, याचा अर्थ कारखान्यात कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. मी त्याला म्हटले, थोडा थांब. तो म्हणाला, "बघतो."

पाने लाल व्हायला लागली त्या शनिवारी त्याचा कागद सगळ्यांत वाईट आला. बंदूक चौकटीत ठेवून तो आत आला. मी सूप वाढत होतो. त्याने चमचा उचलला नाही. म्हणाला, "बंदूक विकायची आहे. कोणाला हवी असली तर सांगा."

सगळ्यांचे चमचे थांबले. नियम असा की वाईट कागदाच्या दिवशी बोलायचे नाही. म्हणून कोणी बोलले नाही. मेनर्ड घसा खाकरून म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडणार म्हणतात."

दुसऱ्या दिवशी रविवार. डेलमार सकाळची जादा पाळी करून आला होता. मीही त्याच्याबरोबर होतो, म्हणून आर्विलाने मला ॲपल पाय खायला थांबवून घेतले. तेवढ्यात स्टश आला. हातात बटाट्याच्या करंज्यांनी भरलेले पातेले, बायकोने दिलेले. पातेले ठेवले, पण टोपी काढली नाही.

"विकू नकोस, गड्या," तो म्हणाला. "माझ्यामुळं काही झालं असेल तर मी सांगून टाकतो आणि जातो."

"तुझ्यामुळं काय?"

"पुढचा स्क्रू. सैल असायचा. मी आवळायचो."

डेलमार त्याच्याकडे बघतच राहिला. "कुठे आवळायचास?"

"ओसरीवर. तुम्ही सूप घ्यायला आत गेलात की. अर्धाच फेरा, म्हणजे खाच पुन्हा सरळच येते. तू मला ओळखतोस."

"सैल नव्हता तो. मी बसवलाय."

"सैल असायचा, डेल. मी आवळायचो आणि दोन आठवड्यांनी बघावं तर पुन्हा सैल. मला वाटलं लाकूड सुकतंय. तुला सांगितलं तर तू म्हणणार बघतो."

डेलमार खुर्चीवर बसला. "मी नाही केला सैल," तो हळू म्हणाला. "की केला? आर्विला, मी रात्री उठून बंदुकीला काही करतो का?"

"रात्री तू घोरतोस," आर्विला म्हणाली. "दुसरं काही करायला तुला वेळ नसतो."

पण तो हसला नाही. त्याचा चेहरा मी भट्टीतही इतका पडलेला बघितला नव्हता. आतापर्यंत हातावर भरवसा नव्हता, आता डोक्यावरचाही उडत चालला होता.

दारावर टकटक झाली आणि क्लॉइड आत आला, चर्चच्या कोटात. स्टशला बघून जरा थबकला.

"तू आलाच आहेस होय. बरं, डेल, बंदूक मी घेतो. नळी मी बसवलीय, ती परक्याकडे जायला नको. घेतो आणि माझ्याकडे ठेवतो, तुला वाटेल तेव्हा परत घे. फक्त एक सांगतो, आता सांगायला हरकत नाही. पुढचा स्क्रू तू फार आवळतोस."

स्टशचा कप ओठाजवळच थांबला.

"किती सैल केलास?" त्याने विचारले.

"मी कुठे म्हटलं मी सैल केला?"

"किती, क्लॉइड?"

"अर्धा फेरा," क्लॉइड म्हणाला. "खाच सरळ ठेवूनच. पण दोन आठवड्यांनी बघावं तर यानं पुन्हा करकचून आवळलेला. मी सैल करतोय, हा आवळतोय. मनात म्हटलं, विटांच्या कारखान्यातली माणसं, हातात जोर मावत नाही."

"मी आवळत होतो," स्टश म्हणाला.

"तू का?"

"सैल होता म्हणून."

"सैल मी केला होता."

"ते आता कळलं."

आर्विलाने ॲपल पाय कापायची सुरी खाली ठेवली. मी मेनर्डची वाट बघायला लागलो. का ते मला सांगता येणार नाही, पण दोघे आल्यावर तिसरा येणार हे दिसत होते. तो आला तेव्हा क्लॉइड स्टशला विचारत होता की बॉयलर सांभाळणाऱ्याला लाकडातले काय कळते, आणि स्टश क्लॉइडला विचारत होता की श्वास घ्यायला नळी म्हणजे काय गाय आहे का. मेनर्ड दारातच उभा राहून ऐकत राहिला. मग म्हणाला, "दुर्बिणीचं मी सांगायला आलो होतो."

क्लॉइड आणि स्टश भांडायचे थांबले.

"डावीकडे लागत होत्या म्हणून दोन खटके उजवीकडे घेतली. मग उजवीकडे लागल्या, म्हणून परत आणली. मग खाली लागल्या." त्याने टोपी काढली. "मला वाटायला लागलं होतं की माझी दुर्बीणच खराब आहे आणि मी मित्राला खराब माल दिला. झोप नाही मला."

डेलमार एकेकाकडे बघत होता. "म्हणजे दर शनिवारी," तो म्हणाला, "ती वेगळीच बंदूक होती."

"तसं नाही," क्लॉइड म्हणाला.

"तसंच की," स्टश म्हणाला.

"खाच सरळ होती," डेलमार म्हणाला. "दर वेळी बघायचो. सरळ."

"वाकडी कशी सोडणार?" मेनर्ड म्हणाला. "तुझी बंदूक."

तेव्हा आर्विला बोलली. आवाज चढवला नाही. "तुम्हाला ठाऊक नाही म्हणून सांगते. हा माणूस उन्हाळाभर डाव्या हातानं जेवतोय. पिट्सबर्गला जाऊन सुया टोचून घेऊन आलाय. याला वाटलं बापासारखा हात गेला. उद्या मुकादमाकडे झाडू मागायला जाणार होता. आणि तुम्ही तिघं ओसरीवर खाचा सरळ करत होतात."

स्टशने आता टोपी काढली. क्लॉइड टेबलावरच्या मेणकापडाची नक्षी बघत राहिला. मग डेलमार उठला, फळीवरून निळा कप काढला, धुतला, बशीत ठेवला, त्यात काठोकाठ कॉफी ओतली आणि उजव्या हाताने टेबलाला वळसा घालून मेनर्डच्या समोर ठेवली. बशी कोरडी होती. आम्ही सगळे बशीकडेच बघत होतो.

"साखर घे," डेलमार म्हणाला.

झाडू मागायला तो गेला नाही. पण लगेच खूशही झाला नाही. सोमवारी गाडीत मला म्हणाला, "एक कळत नाही. पहिल्या दिवशी स्क्रू होता तिथं आता आहे का? तो सैल करायचा, हा आवळायचा. कोणाचा शेवटचा हात?" त्याने दोघांना विचारले होते. स्टश म्हणे क्लॉइडचा, क्लॉइड म्हणे स्टशचा. कोणालाच आठवत नव्हते. मेनर्डनेही किती खटके कुठे फिरवले ते सांगता येईना.

पुढच्या शनिवारी डेलमारने बाकावर, सगळ्यांसमोर, पुढचा स्क्रू पुरता सैल केला आणि पुन्हा आवळला. स्टश आणि क्लॉइड दोन बाजूंना उभे, दोघांचे हात खिशात. डेलमारने कोणाकडे बघितले नाही. त्याच्या मनगटाला पुरे वाटले तिथे थांबला आणि मग खाच रेषेत येईपर्यंत केसभर पुढे नेला. पाच गोळ्या झाडल्या. कागद आणायला मी गेलो. पाचही उजवीकडे खाली, पण अंगठ्याने झाकता येतील एवढ्या जागेत.

"बघ, घट्टच हवा होता," स्टश म्हणाला.

"हा सैल आहे," क्लॉइड म्हणाला. "तू बघत नव्हतास."

डेलमारने तो कागद वाईट कागदांपेक्षा जास्त वेळ बघितला. "बरा आहे," तो म्हणाला. "पण आता मला कळत नाही की हे माझं आहे की तुमचं." बंदूक चौकटीत ठेवली आणि तो सूप प्यायला आत आला. त्याच्यामागोमाग तिघेही आले. तिघांपैकी एकही जण दाराकडे पाठ करून बसला नाही. दुसरा उठून बाहेर जातो का ते प्रत्येक जण बघत होता.

डेलमारने त्या वर्षी रविवारच्या जवळजवळ सगळ्या जादा पाळ्या केल्या होत्या. नवी नळी मागवायची म्हणून. तिची जाडी, तिच्यासाठी लाकूड कुठे खरवडावे लागेल, सगळे ठरवून ठेवले होते. त्याच सुमारास दवाखान्याचे बिल आले. विमावाल्यांनी कळवले की आजार निघाला नाही, तेव्हा आम्ही देणे लागत नाही. तिघांनी वाटून घेतो म्हणून सांगितले, मेनर्ड तर पाकीट घेऊनच आला. डेलमारने ते त्याच्या खिशात परत घातले. "हात माझा तपासला," तो म्हणाला.

रविवारी भट्टीत शिरून, वळून, रचून, पुन्हा वळून मिळवलेले ते सगळे पैसे दवाखान्याला गेले, एका धडधाकट हाताच्या तपासणीसाठी. बंदुकीला जुनीच नळी राहिली.